विठोबापुढची कात्री

शनिवार, २८ सप्टेंबर १९७४

— आणि वर मलाच सांगते, "तुंगक्का, राग मानू नका हं!" राग मानू नको तर काय ओवाळू तिला? आठ वर्षं लक्ष्मीदेवीचे ब्लाऊज मी शिवले. तिचा उजवा खांदा उतरता आहे, हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नसेल. मला आहे. त्या बाजूला पाव इंच जास्त सोडते मी, न बोलता. म्हणून ती चारचौघींत सरळ दिसते. आणि आज दसऱ्याचे चार खण घेऊन समोरच्या दुकानात गेली, नागोजीराव शिंप्याकडे. माझ्या डोळ्यांदेखत! पिशवी पदराखाली धरून रस्ता ओलांडला. जशी काही मी आंधळी.

मी विचारलंच. मला आडून बोलायला येत नाही. तर म्हणते, "पुरुषाच्या हातचा काप वेगळाच बसतो अक्का. नागोजीराव म्हणतात, बाईने कापलं की बाहीचा मुंढा तिरका जातो."

तिरका! माझा मुंढा तिरका!

आम्हा शिंप्यांत बाईने काज करावं, हूक लावावेत, हातशिलाई करावी, मशीनही चालवावं. पण कापडाला कात्री लावायची ती बाप्याने. हे गेले तेव्हा माझी लेक वरलक्ष्मी सात वर्षांची होती. घरात दुसरा बाप्या नाही. कात्री काय मांजराच्या हातात देणार होते मी? उचलली आणि कापायला बसले. अर्ध्या समाजाने तोंड फिरवलं. फिरवू दे. पोटाला तोंड फिरवता येत नाही.

हे बोलू कुणाशी? म्हणून यांची जुनी मापाची वही काढली. मराठी अक्षर बाबांनी अभंग वाचण्यापुरतं शिकवलं. शाळा कन्नड, तीही तिसरीपर्यंत. वरलक्ष्मीला शाळेतल्या हिंदीमुळे अक्षरं ओळखू येतात, पण माझी अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय. लागली तर लागू देत.


रविवार, २९ सप्टेंबर

वरच्या खोलीतले नरसिंहमूर्ती सदऱ्याचं बटण लावून घ्यायला खाली आले. कॉलेजात शिकवतात. मी मास्तरच म्हणते. वय तिशीचं, लग्न नाही, डोक्यात पुस्तकं. बटण लावता लावता लक्ष्मीदेवीचं सगळं सांगितलं त्यांना.

हसायला लागले. म्हणाले, "नोडी अम्मा, हे बघा, ती वाईट नाही, नागोजीरावही वाईट नाही. माणूस घडलाच असा. प्रत्येक जीव दुसऱ्याला ढकलून पुढे जातो. आधी आपला जीव सांभाळायचा, उरलं तर दुसऱ्याचा."

"सगळेच?"

"सगळेच."

"तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा. आमच्याकडे वरची एक जागा रिकामी होतेय. आम्ही तिघे आहोत. रोज एकमेकांना कॉफी पाजतो आणि मनात म्हणतो, मुलाखतीच्या दिवशी याला ताप येवो."

खरं बोलला बाबा! ते आवडलं. पण 'सगळेच' हे काही गळ्याखाली उतरलं नाही. मी आयुष्यभर मापं घेतली. दोन बायकांची छाती सारखी निघाली तरी पाठ सारखी निघत नाही. हा माणूस एकाही टेपेशिवाय सगळ्यांचं माप सांगतो.

बघायचं ठरवलं. बघायला काही लागत नाही.


मंगळवार, १ ऑक्टोबर

रॉकेलच्या रांगेत तीन तास. तिथं बघितलं.

पहाटे येऊन लोक आपला डबा नाहीतर वीट ठेवून घरी जातात. तेवढ्यापुरती वीट म्हणजे माणूस. आज माझ्यापुढे चार विटा आणि एक फुटका तवा होता. रांग सरकली की लोक पायाने विटाही पुढे सरकवत होते. मालक घरी झोपलेला! लाथ मारून बाजूला केली असती तर कोण विचारणार होतं? कुणी केली नाही. त्या तव्याला तर एका आजीने वाकून, हाताने पुढे नेलं.

मास्तरांना हे सांगायचं, असं मनात घोळवत होते. तेवढ्यात दुकानदार ओरडला, "मुगीता बंतु!" — संपत आलं. झालं! विटा कुठे गेल्या, तवा कुठे गेला, विठोबाला ठाऊक. त्याच आजीने मला कोपर मारलं. आणि मी तिला मारलं. जास्त जोरात.

दोन लिटर मिळालं. घरी येताना लाज वाटत होती. डबा मात्र घट्ट धरला होता.

मग खरं कोणतं? संपत आलं म्हणायच्या आधीचं का नंतरचं?


बुधवार, २ ऑक्टोबर

पितृपंधरवडा लागला. आता कुणी नवं कापड आणणार नाही. दसऱ्याचं सगळं लोकांनी आधीच टाकून ठेवलंय. समोर नागोजीरावाकडे गठ्ठे छताला लागलेत. माझ्याकडे सतरा नग. तो आतल्या खोलीत पडद्याआड कापतो, कुणी काप चोरू नये म्हणून. एवढा गर्व! बाहेर मशीनवर बसला की रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करतो. मला सोडून. त्याची बायको अंबुबाई, ती तर सहा वर्षांत माझ्याशी सहा शब्द बोलली नसेल. खाली मान घालून येते, खाली मान घालून जाते.

त्याच्या दुकानाच्या फळ्या एकदा बंद पडलेल्या बघायच्यात मला. लिहून ठेवते. मनात आहे तर कागदावर यायला काय हरकत!


शुक्रवार, ४ ऑक्टोबर

नागोजीराव सायकलवरून पडला. मार्केटाच्या मागे, ओल्या फरशीवर. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर घालून आला. सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणे.

दसरा तीन आठवड्यांवर.

खरं लिहिते. ऐकल्याबरोबर मला बरं वाटलं. गोड खाल्ल्यासारखं. मग मशीनवर बसले तर सुई तुटली. दुसरी लावली, तीही तुटली. त्याला काही अर्थ नाही, सुया जुन्या होत्या.


शनिवार, ५ ऑक्टोबर

अंबुबाईने आज देवळात कात्री ठेवली.

ही आमच्यातली जुनी रीत. मी लहानपणी एकदाच बघितलेली. शिंप्याचा हात थांबला— आजार असो, मोडणं असो— की घरच्यांनी त्याची कात्री कोऱ्या कापडात गुंडाळून विठोबापुढे ठेवायची. ज्याला जमेल त्याने ती उचलायची. बोलायचं नाही, मिरवायचं नाही. त्या घरच्या मागच्या दाराने जाऊन कापून तयार असलेला गठ्ठा आणायचा, शिवायचा, मागच्याच दाराने परत द्यायचा. गिऱ्हाईक त्याचं, नाव त्याचं, शिलाई त्याची. शिवणाऱ्याला काही नाही. फक्त कापलेल्याचंच हं! न कापलेलं कापड ज्याचं त्याला परत. दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाच्या कोऱ्या कापडाला हात लावायचा नाही. आणि आयुधपूजेच्या आधी कात्री तिच्या घरी पोचली पाहिजे. हत्याराची पूजा त्याच्या घरातच व्हायची.

मास्तरांना सांगितलं. डोळे चमकले त्यांचे! म्हणाले, "अम्मा, हा तर प्रयोगच झाला. दसऱ्याची घाई, प्रत्येकाकडे आपलं काम पडलेलं, आणि प्रतिस्पर्ध्याचा हात मोडलेला. कुणी उचलणार नाही बघा."

"उचलतील."

"बघू."

बघूच!


रविवार, ६ ऑक्टोबर

गेले. कात्री तिथंच.


सोमवार, ७ ऑक्टोबर

यांचं श्राद्ध. गच्चीवर पान ठेवलं. पहिला कावळा आला, पानाशी बसला आणि खाईचना. नुसता ओरडत राहिला. चार आणखी आले, मग सगळे तुटून पडले. एका वड्यावरून अशी मारामारी! बोलावलंस कशाला मग मेल्या, भांडायलाच? एकट्याने गप गिळला असता की.

मास्तर म्हणाले, एकट्या कावळ्याला घारीची भीती, म्हणून बोलावतो. आपल्या जिवासाठीच.

या माणसाकडे सगळ्याला उत्तर आहे. ज्याच्याकडे सगळ्याला उत्तर असतं त्याचा मला संशय येतो.

देवळात गेले. कात्री तिथंच. वेंकोजीराव दर्शनाला आला होता. आमच्यात त्याचं दुकान सगळ्यात मोठं. विचारलं, "काय हो, उचलणार नाही?"

"माझ्याकडे चाळीस नग पडलेत तुंगाबाई. हणमंताला सांगा, तो मोकळा असतो."

हणमंताच्या दुकानावरून आले. तो म्हणाला, "मी? माझं एक मशीन. वेंकोजीरावाकडे तीन आहेत!"

दोघेही खरं बोलले. म्हणूनच जास्त चीड आली.


मंगळवार, ८ ऑक्टोबर

नळावर मास्तरांना पकडलं! दोन हंडे घेऊन उभे. एक त्यांचा, एक कोपऱ्यावरच्या पांगळ्या पुजाऱ्याचा. गेला महिनाभर भरून देतात म्हणे, मला आज कळलं.

"काय मास्तर! आधी आपला जीव ना? मग हा दुसरा हंडा कुणाच्या जिवाचा?"

लाजले थोडे. मग म्हणाले, "त्याला पाणी दिलं की मला बरं वाटतं. ते बरं वाटणं मला हवं असतं. म्हणजे शेवटी स्वार्थच."

"आणि दिलं नसतं तर?"

"तोही स्वार्थ. श्रम वाचले."

मी म्हटलं, "अहो, कुणाच्याही छातीला लावली तरी छत्तीसच दाखवते अशी टेप असेल तर मी काय करीन? सगळ्या बायका छत्तीसच्या आहेत म्हणीन, का टेप फेकून देईन?"

नळावरच्या बायका हसल्या. मास्तर पाणी भरून जाताना वळून म्हणाले, "कात्री उचलली का कुणी?"

मेला!


बुधवार, ९ ऑक्टोबर

आज मात्र देवळात मला कानफटात बसल्यासारखं झालं.

विठ्ठलराव म्हणून म्हातारे आहेत. देवळाची झाडलोट बघतात, ऐंशीच्या पुढचे. मी कात्रीकडे बघून परत निघाले तर हाक मारली, "तुंगा, इकडे ये. पाच दिवस झाले, रोज येतेस. देवाकडे बघत नाहीस, कात्रीकडे बघतेस. काय ग?"

"कुणी उचलतं का बघते."

"मग? उचलली कुणी?"

"नाही ना! सगळे असेच. आपापलं बघतात."

"आणि तुझ्या हाताला काय झालंय? प्लास्टर तर दिसत नाही."

मी म्हटलं, बाईने उचलायची रीत नाही. म्हातारा म्हणाला, "बाईने उचलायची नाही असं कुणी सांगितलं तुला? बाईने उचलली नाही आजवर, एवढंच. कापायचं नाही असंही होतं. कापतेस ना?"

पायात चपला घालून तडक घरी आले.

पाच दिवस मी सगळ्या गल्लीची तपासणी करत फिरले. वेंकोजीराव कसा, हणमंत कसा, कावळा कसा. माझं नाव त्या यादीत मी धरलंच नव्हतं. टेप दुसऱ्यांसाठी असते, शिंपी स्वतःचं माप घेत नाही.

आणि मुळात मी का उचलावी? त्याने माझं गिऱ्हाईक नेलं. माझ्या कापाला नावं ठेवली. तो बुडाला तर समोरचं सगळं माझ्याकडे येईल. वरलक्ष्मीचं लग्न दोन वर्षांवर. हे सगळं खरं आहे. एकही खोटं नाही यातलं.


गुरुवार, १० ऑक्टोबर

उचलली.


शुक्रवार, ११ ऑक्टोबर

का उचलली, ते आज शोधत बसले. दया आली नाही. नागोजीरावाची तर नाहीच. मास्तरांना हरवायचं होतं, हे एक. वेंकोजीरावाची जिरवायची होती, हे दुसरं. एवढी मोठी दुकानं आणि उचलली कुणी, तर तुंगाने! म्हणजे ही पण चढाओढच झाली की. मग मास्तर जिंकले का? पण चढाओढीने मी समोरच्याचं दुकान वाचवायला निघाले, ही कसली चढाओढ? डोकं दुखायला लागलं.

मागच्या दाराने गेले. अंबुबाईने दार उघडलं आणि मला बघून पांढरीच पडली. तिला वाटलं असेल, वेंकोजीराव येईल, हणमंत येईल. मी म्हटलं, "गठ्ठा द्या." तिने दिला. अठ्ठावीस ब्लाऊज, कापलेले. कोपऱ्यात आणखी एक गठ्ठा दिसला, चिठ्ठ्या टाचलेला. बावीस नग, कात्रीच लागली नव्हती. ते परत जाणार. बावीस गिऱ्हाइकं गेली म्हणजे फळ्या बंदच. दुकान आज ना उद्या बुडणारच. मी अठ्ठावीस शिवते ते फक्त जरा हळू बुडावं म्हणून.

वरलक्ष्मी म्हणाली, "अय्यो आई, सुम्ने, उगीच कशाला घेऊन आलीस? आपले सतरा कोण करणार?"

"तू."

"आणि हे अठ्ठावीस?"

"ते मी. हूक तू."

पाय आपटत गेली. पण बसली.


रविवार, १३ ऑक्टोबर

अकरा झाले. पाठ मोडली.

आज गठ्ठ्यातून लक्ष्मीदेवीचा हिरवा खण निघाला. हातात धरून बसले. एका टक्साला, छातीखालच्या दुमडीला, अर्धं सूत इकडेतिकडे केलं असतं तर कुणाला कळणार होतं? छातीवर चुणी पडली असती आणि दोष समोरच्या दुकानाला. दसऱ्यानंतर लक्ष्मीदेवी पिशवी पदराखाली धरून परत माझ्याकडे.

आत वरलक्ष्मी गुणगुणत होती. बघणारं कुणी नव्हतं. मास्तर म्हणतात तो आपलाच जीव बघायचा क्षण हाच!

नाही केलं. चांगुलपणाने नाही केलं असं मी म्हणणार नाही. हाताने ऐकलं नाही. आधी मला वाटायचं हात माझा आहे. हातावर तीस वर्षांच्या शिवणीची सत्ता आहे, माझी नाही.

आणि दुसरं म्हणजे तो काप. काय काप आहे! उजव्या खांद्याला पाव इंच जास्त सोडलंय. बरोब्बर पाव! एकदा मापाला उभी राहिली असेल ती, तेवढ्यात कळलं. माझा मुंढा तिरका नाही, ते सोडा. पण हा त्याच्या वरचा आहे. लिहिताना जीव जातोय, पण आहे.

असा माणूस, आणि रस्त्यावर बसून इतकं हलकं बोलतो?


सोमवार, १४ ऑक्टोबर

मास्तर जिन्यात भेटले. "जिंकलात अम्मा."

"मी जिंकावं म्हणून उचलली, असं म्हणा ना एकदा. तुमची टेप लावा."

"लावणार होतो," हसले. "पण तुमचे डोळे बघून नाही लावली."

जिवाची भीती माणसाला शहाणं करते, एवढं मात्र त्यांचं खरं.


बुधवार, १६ ऑक्टोबर

काहीतरी चुकतंय.

त्यांची कात्री पहिल्या दिवसापासून मला चावते. अंगठ्याच्या कडीला चिंधी गुंडाळलीय, मऊ व्हावी म्हणून. पण चिंधीची जाड बाजू नको तिथं येते. माझा अंगठा सोलला. आज शिल्लक धागे कापताना सहज डाव्या हातात धरली, तर अशी बसली, जशी तिथंच जन्मली!

मग कापलेले नग पुन्हा काढून बघितले. खडूची रेघ जिथं सुरू होते तिथं ठळक, संपते तिथं पुसट. माझी डावीकडून उजवीकडे जाते. ही सगळी उजवीकडून डावीकडे. प्रत्येक नगावर. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस.

कापणारा डावखुरा आहे.

सहा वर्षं मी नागोजीरावाला खिडकीतून बघतेय. शिव्या देता देता बघितलंय मी त्याला. लिहितो उजव्याने, जेवतो उजव्याने, नमस्कार झाल्यावर कान खाजवतो तोही उजव्याने.


शुक्रवार, १८ ऑक्टोबर

अठ्ठावीस संपले. मागच्या दाराने देऊन आले. अंबुबाईने एकेक उलटून बघितला. आतली शिवण बघितली, टक्स बघितला, बोट फिरवून मुंढा बघितला. गृहिणी तसं बघत नाही.

बावीस नगांचा गठ्ठा तिथंच. म्हणाली, "सोमवारपासून ज्याचं त्याला परत करायचं म्हणतात हे." सहा वर्षांत एवढं लांब वाक्य पहिल्यांदा.

कात्री मुद्दाम नेली नव्हती. म्हटलं, रविवारी आणते.


रविवार, २० ऑक्टोबर

कात्री घेऊन गेले. मागच्या नाही, पुढच्या दाराने. अंबुबाईपुढे धरली. तिने डावा हात पुढे केला. मी कात्री दिली नाही, हातच धरला. अंगठ्याच्या मुळाशी चिंचोक्याएवढा घट्टा. माझ्या उजव्या हाताला आहे तस्साच!

"किती वर्षं?"

"सोळा. मामंजींनी शिकवलं. यांच्या हातात काप नव्हता. म्हणाले, काप तू, नाव त्याचं."

नागोजीराव प्लास्टरकडे बघत बसला. मनगट त्याचं मोडलं आणि हात हिचा बांधून ठेवला! नवा कापलेला नग दिसला तर गल्ली विचारेल, कुणी कापला. त्यापेक्षा दुकान बुडालं तरी चालेल!

अंबुबाई म्हणाली, "आता सांगाल ना सगळ्यांना? सांगा. सगळी गिऱ्हाइकं तुमच्याकडे येतील."

येतील. एका वाक्याचं काम. पण मला असा राग आला, असा आनंद झाला, काय लिहू! सहा वर्षं मी भलत्याच माणसाशी झुंजले. माझ्या तोडीची बाई पडद्याआड बसलेली, आणि मी त्या नमस्कारवाल्याशी!

म्हटलं, "मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. फळ्या उघडा, पुढे बसा, आणि ते बावीस नग रस्त्यावरून दिसतील असे कापा. डाव्या हाताने. मग बघू दसऱ्याला कुणाचा ब्लाऊज बसतो, तुमचा का माझा. मला चढाओढ पाहिजे. पण तुमच्याशी."

ती रडली का हसली, कळलं नाही. नागोजीराव म्हणाला, विचार करून सांगतो. मी म्हटलं, "तुम्हाला विचारलंच नाही!"

कात्री घेऊन परत आले. गुरुवारी आयुधपूजा आहे, त्याआधी कात्री तिच्या घरी जायलाच हवी. पण निघताना बजावून आले, न्यायची तर अंबुबाईने स्वतः, दिवसाउजेडी, रस्ता ओलांडून यायचं. नाही म्हणायचं तरी तिनेच यायचं. मंगळवारी दिवे लागायच्या आत. पुढे बसून कापणार, हो की नाही, तिच्या तोंडून, मंगळवारी.